ऑप्टिमायझर म्हणतो पास, सर्किट म्हणतं नापास

“ताई, रात्रभर लावून ठेवलं होतं. सकाळी बघितलं तर सगळे स्पेक पास. आणि आता हाताने चालवून बघतोय तर आउटपुट नुसतं हेलकावे खातंय.”

थोड्याफार फरकाने हे वाक्य मी दर दोन-तीन महिन्यांनी ऐकते. रात्रभर लावलेला असतो तो ऑप्टिमायझर, म्हणजे सर्किटमधल्या ट्रान्झिस्टरची मापं आपोआप शोधणारा प्रोग्रॅम, आणि स्पेक म्हणजे सर्किटने पाळायच्या अटी. मी घरूनच ॲनालॉग डिझाइनचं काम करते. रविवारी सकाळी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या हॉलमध्ये शेवटच्या वर्षाची चार पोरं-पोरी लॅपटॉप घेऊन येतात. मिसळ आधी की सिम्युलेशन आधी यावर वाद होतो, मिसळ जिंकते, आणि रस्सा संपता संपता कुणीतरी हे वाक्य टाकतं. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. पुढच्या खेपेला आधी हे वाचून या.

आमच्याकडचा सरंजाम साधा आहे. एनजीस्पाइस हा मोफत सिम्युलेटर, गूगल आणि स्कायवॉटरने २०२० मध्ये खुलं केलेलं १३० नॅनोमीटरचं पीडीके (चिप कारखान्याच्या ट्रान्झिस्टरची मॉडेलं आणि नियम यांचा संच), आणि वर एक पायथॉनची स्क्रिप्ट. स्क्रिप्ट ट्रान्झिस्टरच्या रुंदी-लांबी आणि करंट बदलत राहते, प्रत्येक वेळी सिम्युलेटर चालवते, आकडे वाचते आणि एक ‘कॉस्ट’ काढते, म्हणजे डिझाइन किती वाईट आहे ते सांगणारा एकच आकडा. ती कॉस्ट कमी करायचं काम सायपाय या पायथॉनच्या लायब्ररीतलं डिफरेन्शियल इव्होल्यूशन करतं: ते उमेदवार डिझाइनांच्या पिढ्यांमागून पिढ्या काढतं आणि बरे तेवढे ठेवतं. तुमच्याकडे दुसरं पीडीके असेल, मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्याचं १८० नॅनोमीटर असेल, तरी दुखणी हीच निघतात.

तक्रारीच्या पाठोपाठ हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “अल्गोरिदम बदलून बघू का?” नको. माझ्या बघण्यात शंभरातल्या नव्वद वेळा अल्गोरिदम निर्दोष सुटतो, हे मी मोजून नाही, अंदाजाने सांगतेय. ऑप्टिमायझर हा शब्दाला शब्द पाळणारा गडी आहे. “फेज मार्जिन ६० च्या वर ठेव” असं तुम्ही लिहिलेलंच नसतं. (फेज मार्जिन म्हणजे फीडबॅक लावल्यावर ॲम्प्लिफायर हेलकावे खाण्यापासून किती अंश दूर आहे तो आकडा.) तुम्ही लिहिलेलं असतं “या फाइलमधला हा आकडा ६० च्या वर ठेव”. त्या दोन वाक्यांत फट असेल तर रात्रभरात पंचवीस हजार वेळा दार ढकलून तो ती फट शोधतोच.

पहिली पाच मिनिटं

काहीही बदलण्याआधी ऑप्टिमायझरने दिलेले सर्वोत्तम आकडे घ्या आणि ऑप्टिमायझर बंद ठेवून तेच सिम्युलेशन तीनदा चालवा. मॉन्टे कार्लो (दर वेळी ट्रान्झिस्टरमध्ये यादृच्छिक फरक टाकणारं सिम्युलेशन) चालू नसेल तर त्याच नेटलिस्टला (सर्किटच्या मजकुरी वर्णनाला) त्याच मशीनवर दर वेळी तंतोतंत तेच उत्तर यायला हवं, शेवटच्या अंकापर्यंत.

तिन्ही उत्तरं सारखी आणि ऑप्टिमायझरने लिहून ठेवलेल्या आकड्यांशी जुळणारी असतील, तर चूक मोजमापात आहे. पुढचा भाग वाचा.

तिन्ही सारखी, पण ऑप्टिमायझरच्या नोंदीपेक्षा वेगळी असतील, तर फाइलींचा घोळ आहे. एकाच वेळी आठ प्रोसेस चालतात आणि आठही जण एकाच नावाच्या फाइलमध्ये निकाल लिहितात. मग एकाचं बाळ दुसऱ्याच्या पाळण्यात. उपाय सोपा: प्रत्येक सिम्युलेशनला स्वतःचं तात्पुरतं फोल्डर द्या, काम झालं की पुसा. त्याच बरोबर एनजीस्पाइसला एकाच थ्रेडवर बसवा. तो स्वतः एकापेक्षा जास्त थ्रेड घेतो, आणि वर तुम्ही आठ प्रोसेस सोडलेल्या असतात. मग प्रोसेसरच्या गाभ्यांवर द्वारका चौकासारखी कोंडी होते आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतो.

जुनी फाइल न पुसणं हाही याच घराण्यातला रोग. सिम्युलेशन मध्येच पडलं, नवा निकाल लिहिलाच गेला नाही, आणि स्क्रिप्टने आधीच्या उमेदवाराचा निकाल उचलला. चालवण्याआधी जुनी फाइल पुसायची सवय लावा, म्हणजे नसलेली फाइल नसलेलीच दिसेल.

फेज मार्जिन: सगळ्यात मोठा चोर

आता हे जरा सावकाश सांगते, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात.

नोव्हेंबरमध्ये पिंपळगाव बसवंतकडचा एक मुलगा आला होता. घरची द्राक्षबाग. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लागला की पानं किती तास ओली राहिली यावर डाऊनी या बुरशीरोगाचं गणित असतं, म्हणून त्याने प्रोजेक्टला पानावरचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा ॲम्प्लिफायर घेतला होता. दोन टप्प्यांचा, मिलर कॉम्पेन्सेशनवाला (स्थिर राहावा म्हणून दोन टप्प्यांमध्ये कपॅसिटर घातलेला), पुस्तकी ऑपॲम्प. सप्लाय १.८ व्होल्ट, लोड ५ पिकोफॅरड, गेन-बँडविड्थ (गेन एकवर उतरतो ती फ्रिक्वेन्सी) ५ मेगाहर्ट्झ, फेज मार्जिन ६० अंशांच्या वर, पॉवर १०० मायक्रोवॅटच्या आत आणि जमेल तितकी कमी. (पानाच्या ओलाव्याला ५ मेगाहर्ट्झ कशाला, हे मी विचारलं. “गाईडने सांगितलंय.” विषय संपला.)

ऑप्टिमायझरने दिलं: पॉवर २४ मायक्रोवॅट. बाकी सगळ्या रकान्यांत हिरवं ‘पास’. पोरगा खूश. माझ्या पोटात गोळा.

पाठकोरा कागद घेतला. कॉम्पेन्सेशन कपॅसिटर १.५ पिकोफॅरड होता. ५ मेगाहर्ट्झ मिळवायचे तर पहिल्या टप्प्याचा ट्रान्सकंडक्टन्स (इनपुट व्होल्टेज हललं की करंट किती हलतो ते) ६.२८ गुणिले ५ मेगाहर्ट्झ गुणिले १.५ पिकोफॅरड, म्हणजे सुमारे ४७ मायक्रोसीमेन्स हवा. दर अँपिअरमागे १५ सीमेन्स धरले, तर इनपुट जोडीतल्या प्रत्येकाला ३.१, दोघांना मिळून ६.३ मायक्रोअँपिअर लागतात. एकूण करंट किती? २४ भागिले १.८, म्हणजे १३.३ मायक्रोअँपिअर. त्यातले ६.३ गेले, बायसला २ गेले, दुसऱ्या टप्प्याला उरले जेमतेम ५.

आता ५ मायक्रोअँपिअरमधून मॉस ट्रान्झिस्टर जास्तीत जास्त किती ट्रान्सकंडक्टन्स देईल? खोलीच्या तापमानाला भौतिकशास्त्राने घातलेली मर्यादा दर अँपिअरमागे सुमारे ३८ सीमेन्सची आहे. मॉस अगदी सबथ्रेशोल्डमध्ये नेला तरी २५ ते २८ च्या वर सहसा जात नाही. २७ धरा, १३५ मायक्रोसीमेन्स झाले. ५ पिकोफॅरडच्या लोडवर दुसरा पोल (जिथून गेन आणखी जोराने पडतो आणि फेज मागे सरकते ती फ्रिक्वेन्सी) आला ४.३ मेगाहर्ट्झला. म्हणजे अगदी स्वप्नातल्या ट्रान्झिस्टरलाही दुसरा पोल गेन-बँडविड्थच्या खालीच राहतो. मार्जिन सावरणारा नलिंग रेझिस्टर सर्किटमध्ये नव्हताच. मग ६० अंश कुठून आले?

“तो रकाना उघड. पास-नापास नको, आकडा दाखव.”

फेज मार्जिन ३४१.

तोही हसला, मीही हसले. झालं होतं असं: स्क्रिप्टमध्ये मार्जिनचं सूत्र होतं ‘१८० मध्ये फेज मिळवा’. फेज उणे १२० असेल तर मार्जिन ६०, बरोबर. पण एनजीस्पाइसचं साधं फेज फंक्शन उणे १८० ते अधिक १८० एवढ्याच पट्ट्यात आकडा देतं. सर्किट इतकं अस्थिर झालं की फेज उणे १९९ वर गेली, की ती वळसा घालून अधिक १६१ होऊन बाहेर येते. १८० अधिक १६१, ३४१. अट काय होती? ६० पेक्षा जास्त. पास! म्हणजे सर्किट जरासं वाईट असलं तर नापास होत होतं आणि पुरतं बिघडलं की पहिल्या वर्गात पास. ऑप्टिमायझरने अर्थातच पुरतं बिघडवलं, कारण तिकडे पॉवर कमी लागते.

इलाज तीन पायऱ्यांचा. पहिली, वळसा न घेणारं सलग फेज फंक्शन वापरा. एनजीस्पाइसमध्ये त्याचं नाव सीपीएच. दुसरी, युनिट्स अंशांवर लावा, कारण न सांगता तो फेज रेडियनमध्ये देतो. ही रेडियनची चूक ओळखायला सोपी आहे: प्रत्येक उमेदवाराचं मार्जिन १७७ ते १८३ च्या मध्येच घुटमळतं, कारण रेडियनमधली फेज उणे ३.१४ ते अधिक ३.१४ यापलीकडे जातच नाही. तुमच्या नोंदीत तो पट्टा दिसला तर पुढे वाचायचीही गरज नाही. तिसरी पायरी, अटीला वरूनही झाकण घाला: ६० ते ९०. दोन टप्प्यांच्या साध्या ऑपॲम्पला ९० च्या वरचं मार्जिन दिसलं तर तो आनंदाचा नव्हे, चौकशीचा विषय आहे.

आणि एसी सिम्युलेशनवर (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना गेन आणि फेज मोजणाऱ्या) एकट्यावर कधीच विश्वास ठेवू नका. शेवटच्या दहा उमेदवारांना युनिटी फीडबॅकमध्ये (आउटपुट थेट इनपुटला जोडून) बांधून १०० मिलिव्होल्टची पायरी द्या आणि आउटपुट डोळ्यांनी बघा. ६० अंशांचा ॲम्प्लिफायर एखादा हलका उसळा मारून बसतो. २० अंशांचा बराच वेळ डुलत राहतो. ३४१ वाला कधी बसतच नाही.

दुरुस्तीनंतर पुन्हा रन लावली. पॉवर आली ९२ मायक्रोवॅट, मार्जिन ६१. कागदावरचा हिशोबही ९० च्या आसपासच येत होता. पोराचा चेहरा उतरला, पण आउटपुट बसलं.

शून्य पॉवरचा ॲम्प्लिफायर

सिम्युलेटरला कधी कधी डीसी बिंदूच, म्हणजे सर्किटची शांत अवस्थेतली व्होल्टेजं आणि करंटच, सापडत नाहीत. कधी मोजमापाची ओळ ‘फेल्ड’ असं छापते, कारण गेन एकच्या खाली कधी गेलाच नाही किंवा वर कधी आलाच नाही. अशा वेळी स्क्रिप्ट काय करते ते तुमच्या कोडमध्ये शोधा. मी पाहिलेल्या बऱ्याच स्क्रिप्टांत आकडा न सापडल्यास शून्य भरलेलं असतं. शून्य पॉवर! त्यापेक्षा कमी काय असणार? ऑप्टिमायझर धावत तिकडेच जातो आणि सगळी पिढी अशा मेलेल्या सर्किटांनी भरून जाते.

मग कुणीतरी उलट टोकाला जातं. काहीही चुकलं की कॉस्ट दहा लाख. हेही बरोबर नाही. सुरुवातीच्या पिढीत जवळजवळ सगळेच उमेदवार कुठेतरी चुकलेले असतात. सगळ्यांना सारखेच दहा लाख दिले तर कोण जरा कमी वाईट आहे हे ऑप्टिमायझरला कळायचं कसं? सपाट माळरानावर आंधळ्याला सोडल्यासारखं होतं. त्यापेक्षा प्रत्येक स्पेक किती टक्क्यांनी चुकला ते काढा, त्यांची बेरीज करा, आणि सगळे स्पेक जमल्यावरच पॉवर मोजायला सुरुवात करा. गेन ७० हवा आणि आला ६३, तर दंड दहा टक्के. आला ३५, तर पन्नास. उतार तयार झाला की खाली उतरणं आपोआप होतं. दहा लाखांचा दंड फक्त सिम्युलेशनच पडलं असेल तेव्हासाठी ठेवा.

याच घरातली आणखी एक गोष्ट. ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये (नीट गेन देतात त्या पट्ट्यात) आहेत का, हे कॉस्टमध्ये घाला. गेन, बँडविड्थ, मार्जिन सगळं मिळालं, पण करंट मिररचा (एका करंटची दुसरीकडे नक्कल करणाऱ्या जोडीचा) एक ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनच्या अगदी काठावर १० मिलिव्होल्टवर उभा आहे, असं सर्रास होतं. प्रत्येकाला किमान ५० मिलिव्होल्टचा श्वास घ्यायला जागा द्या. बायस स्वतःच तयार करणारं सर्किट असेल तर त्याला दोन स्थिर अवस्था असतात, एक चालू आणि एक शून्य करंटची. सिम्युलेटर चालू अवस्था शोधून देतो आणि खरी चिप मात्र शून्यात झोपते. तिथे सप्लाय शून्यापासून हळूहळू वर नेणारं ट्रान्झियंट सिम्युलेशन लावल्याशिवाय मी तरी पुढे जात नाही.

रुंदी-लांबीची कुरबुर

“मॉडेल सापडत नाही” असा संदेश आला की पोरं पीडीके पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. करू नका. या पीडीकेमध्ये ट्रान्झिस्टरचं मॉडेल रुंदी-लांबीच्या कप्प्यांत विभागलेलं आहे. तुमच्या मर्यादा कप्प्यांच्या बाहेर गेल्या की मॉडेल मिळत नाही, एवढंच. लांबीची खालची मर्यादा ०.१५, रुंदीची ०.४२ मायक्रोमीटर ठेवा. वरची मर्यादाही आवरा आणि मोठी रुंदी हवी तर समांतर ट्रान्झिस्टरांची संख्या वाढवा.

दुसरं, या मॉडेलांना मापं मायक्रोमीटरमध्येच अपेक्षित असतात, नुसता आकडा. सवयीने आकड्यापुढे मायक्रोचं अक्षर लावलंत तर २ मायक्रोमीटरचा ट्रान्झिस्टर दहा लाखपटीने लहान होतो आणि पुन्हा तोच “मॉडेल सापडत नाही”.

ऑप्टिमायझर १.८३७४२९ असली रुंदी देतो. पीडीकेची जाळी ५ नॅनोमीटरची आहे, त्यामुळे आकडा कॉस्ट काढण्याआधीच जाळीवर बसवा, नंतर नाही. करंट मिररच्या दोन बाजूंच्या रुंदी स्वतंत्र चल म्हणून देऊच नका. एकच तुकडा ठरवा आणि ऑप्टिमायझरला फक्त तुकड्यांची संख्या निवडू द्या: दोनास सात, दोनास आठ. ले-आउट करणारा माणूस तुम्हाला दुवा देईल. चल कमी झाले की शोधही लवकर संपतो, हा वरचा फायदा.

रुंदी बदलली की ड्रेन आणि सोर्सचं क्षेत्रफळ, परिमिती हे आकडेही सूत्राने बदलले पाहिजेत. एका मुलीच्या नेटलिस्टमध्ये ते पहिल्या डिझाइनचे तसेच गोठलेले होते. ऑप्टिमायझरला वाटलं, रुंदी फुकट आहे.

उत्तर जर एखाद्या मर्यादेला चिकटून बसलं असेल तर तिकडेही लक्ष द्या. सगळ्या लांब्या ०.१५ वर आल्या असतील तर बहुधा गेनचं मोजमाप कुठेतरी हुकलंय, कारण एवढ्या आखूड ट्रान्झिस्टरला ७० डेसिबल काढताना घाम फुटतो. आणि करंटसारखा चल १ ते १०० मायक्रोअँपिअर फिरवायचा असेल तर लॉगरिदमवर फिरवा. सरळ पट्टीवर फिरवलात तर नव्वद टक्के उमेदवार १० च्या वर पडतात आणि खालचा प्रदेश उपाशी राहतो.

कॉर्नर, आणि निफाडची थंडी

“हाताने चालवलं की नापास” यातला ‘हाताने’ म्हणजे पुष्कळदा दुसरा कॉर्नर असतो. कॉर्नर म्हणजे कारखान्याच्या बनावटीतला फरक, तापमान आणि सप्लाय यांची एक ठरावीक जोडणी. ऑप्टिमायझेशन झालं टिपिकल कॉर्नरला, २७ अंशांना, १.८ व्होल्टला. तपासणी झाली स्लो कॉर्नरला, थंडीत, १.६२ व्होल्टला. अर्थातच पडणार.

सगळे कॉर्नर आत घेऊ का? हिशोब करा. पाच प्रोसेस कॉर्नर, तीन तापमानं, तीन सप्लाय: ४५ सिम्युलेशनं एका उमेदवाराला. सायपायमध्ये लोकसंख्येचा आकडा १५ असतो, पण तो चलांच्या संख्येने गुणला जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नऊ चल असतील तर एका पिढीत १३५ उमेदवार. १३५ गुणिले ४५, ६,०७५ सिम्युलेशनं. एकाला दोन सेकंद धरले तर एका गाभ्यावर एक पिढी म्हणजे तीन तास बावीस मिनिटं. शंभर पिढ्या मोजत बसा.

म्हणून आधी टिपिकलला एक बरं डिझाइन काढा, ते एकदा पंचेचाळीसही ठिकाणी चालवा, सगळ्यात वाईट तीन कॉर्नर निवडा आणि फक्त तेवढेच आत घ्या. पिढी साडेतेरा मिनिटांवर येते, आठ प्रोसेसवर दोन मिनिटांच्या आत. शेवटी पुन्हा पंचेचाळीस. नवा कुणी नापास झाला तर त्यालाही आत घ्या आणि पुन्हा. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक वेळा मिटतं.

तापमानाची टोकं मात्र डोकं वापरून निवडा. उणे ४० ते १२५ हे आकडे सगळे डोळे झाकून उतरवतात. द्राक्षबागेतल्या सेन्सरला उणे ४० कशाला? हिवाळ्यात निफाडचा पारा एकआकडी होतो, बागेत शेकोट्या पेटतात, तरी उणे ४० नाही होत. उलट बंद डबी एप्रिलच्या उन्हात हवेपेक्षा बरीच तापते. आम्ही उणे १० ते ८५ ठरवलं आणि बरीच पॉवर वाचली.

मिसमॅच विसरला की क्षेत्रफळ आटतं

ऑप्टिमायझरला ट्रान्झिस्टर लहान करायला आवडतं. लहान म्हणजे कमी कपॅसिटन्स, जास्त वेग. पण शेजारी शेजारी बसवलेले दोन सारखे ट्रान्झिस्टर कधीच हुबेहूब नसतात. पेल्ग्रोम यांनी १९८९ मध्ये मांडलेला नियम असा की थ्रेशोल्डमधला हा फरक क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा १ चौरस मायक्रोमीटरला फरकाचं प्रमाण विचलन ५ मिलिव्होल्ट असेल, तर ते १ मिलिव्होल्टवर आणायला २५ चौरस मायक्रोमीटर लागतात. साध्या सिम्युलेशनमध्ये दोन्ही ट्रान्झिस्टर जुळे भाऊ असतात, म्हणून ऑफसेट (जोडी न जुळल्याने इनपुटवर येणारी चूक) शून्य दिसतो आणि ऑप्टिमायझर निर्धास्तपणे क्षेत्रफळ कापत सुटतो. दर उमेदवाराला मॉन्टे कार्लो लावायची गरज नाही. इनपुट जोडी आणि मिररसाठी हे सूत्र थेट कॉस्टमध्ये घाला, एका ओळीचं काम आहे. खरं मॉन्टे कार्लो शेवटी, एकदा.

शेवटी वेळ खाणारं पॉलिश

हे कळायला मला स्वतःला दोन रविवार लागले. डिफरेन्शियल इव्होल्यूशन व्यवस्थित उतरत येतं, आणि अगदी शेवटी रन संपत का नाही, शेकडो सिम्युलेशनं फुकट कुठे जातात, ते समजत नाही. सायपायमध्ये शेवटी ‘पॉलिश’ नावाची पायरी न सांगता चालू असते. ती सर्वोत्तम उमेदवार घेऊन उताराच्या पद्धतीने आणखी घासते. उतार काढायला ती चल अगदी किंचित हलवते, दहा कोटीत एक भाग वगैरे. आणि सिम्युलेटरची सापेक्ष अचूकता? न बदलल्यास हजारात एक. म्हणजे सोन्याच्या काट्याची वजनं भाजीच्या तराजूवर. जो उतार दिसतो तो गोंगाटाचा असतो. पॉलिश बंद करा. उतार हवाच असेल तर पाऊल मोठं करा आणि सिम्युलेटरची अचूकता वाढवा.

एसी स्वीपमध्ये दर दशकाला दहाच बिंदू ठेवले तरी असाच खडबडीतपणा येतो, कारण शेजारच्या दोन बिंदूंत २६ टक्क्यांचं अंतर पडतं आणि मधला आकडा अंदाजाने भरला जातो. पन्नास ठेवा.

तरीही नाही सुटलं तर

मग अल्गोरिदमकडे बघा. एकापेक्षा जास्त गोष्टींची ओढाताण बघायची असेल, पॉवरही कमी आणि नॉइजही कमी, तर आयआयटी कानपूरला असताना कल्याणमय देब यांनी सहकाऱ्यांबरोबर मांडलेली एनएसजीए-२ (२००२) चांगली. एका उत्तराऐवजी तडजोडींची पूर्ण रेषा हातात येते. सिम्युलेशन फार महाग असेल, एकाला दहा मिनिटं, तर बेयेशियन पद्धत (आधीच्या निकालांवरून पुढचा उमेदवार निवडणारी). २००१ मध्ये हर्शेन्सन, बॉइड आणि ली यांनी सीमॉस ऑपॲम्पचं डिझाइन जिओमेट्रिक प्रोग्रॅमिंगमध्ये बसवून दाखवलं होतं. तिथे सापडलेलं उत्तर सर्वोत्तमच असतं, याची गणिती हमी मिळते. पण ती हमी तुम्ही लिहिलेल्या समीकरणांपुरती, ट्रान्झिस्टरपुरती नव्हे. हे ऐकल्यावर पोरांचा अल्गोरिदम बदलायचा उत्साह जरा निवतो.

किरकोळ, पण लावून घ्या: रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) ठरवून टाका, नाहीतर कालची चूक आज पुन्हा दिसणार नाही. प्रत्येक पिढीनंतर उमेदवार फाइलमध्ये लिहा. पहाटे चारला वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली की रात्र वाया जाते, आमच्याकडे हे दोनदा झालंय. आणि नोंदीत पास-नापास नको, कच्चे आकडे.

पिंपळगावच्या पोराने बुधवारी निकाल पाठवला. पंचेचाळीसपैकी चव्वेचाळीस पास. नापास झालेला: स्लो कॉर्नर, उणे १० अंश, १.६२ व्होल्ट. थंडीत थ्रेशोल्ड वाढतो, सप्लाय कमी, त्यामुळे इनपुट जोडीच्या वरच्या ट्रान्झिस्टरला ५० ऐवजी २८ मिलिव्होल्टच उरले होते. तो कॉर्नर चौथा म्हणून आत घेतलाय आणि इनपुट जोडीच्या रुंदीची वरची मर्यादा थोडी सैल केलीय. पॉवर ९२ वरून दोन-तीन मायक्रोवॅटने चढेल असा माझा अंदाज. त्याचा अंदाज पाच. रन चालू आहे, रविवारी मिसळीचे पैसे कोण देणार ते त्यावर ठरेल.